एच-१बीचा वाद आणि आपली नाशिकची मुलं

गोदाकाठ

सप्टेंबरपासून लग्नकार्यात, क्लासच्या बाहेर, सोसायटीच्या मीटिंगमध्ये हाच विषय आहे. १९ सप्टेंबर २०२५ ला ट्रम्प यांनी नव्या एच-१बी (अमेरिकेत कुशल नोकरी करण्याचा व्हिसा) अर्जावर एक लाख डॉलरची फी लावली. तेव्हाच्या दराने ८८ लाख रुपये. तेव्हापासून कॉलेज रोडवरच्या परदेशी शिक्षणाच्या ऑफिसांत पालक हवालदिल होऊन चकरा मारतायत. आपल्याकडे मात्र त्यावर दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणजे "आपल्या पोरांशिवाय त्यांचं पान हलत नाही", आणि दुसरा "बरं झालं, आता तरी इथेच राहतील." मला दोन्ही पटत नाहीत, म्हणून हा धागा.

मी तिथे बरीच वर्षं याच व्हिसावर काम केलं, आता गंगापूर रोडला राहते. माझ्या मते सगळी गोम एका जागी आहे. अर्ज कंपनी करते, व्हिसा कंपनीच्या नावाला जोडलेला राहतो, आणि नोकरी गेली की ६० दिवसांत दुसरा मालक शोधा, नाहीतर सामान बांधा. असा माणूस पगारावरून भांडत नाही, रविवारच्या कामाला नाही म्हणत नाही. त्याच्या शेजारच्या खुर्चीतल्या अमेरिकन माणसाचा भावही त्यामुळे पडतो. म्हणजे भरडले दोघेही जातात, आणि भांडण मात्र त्या दोघांतच लागतं.

थोडी पार्श्वभूमी, कारण ग्रुपवर काहीच्या काही फिरतंय. १९९० च्या कायद्यातून थोरल्या बुश यांच्या काळात हा व्हिसा आला. वर्षाला ६५,००० अशी मर्यादा होती. डॉट कॉमच्या तेजीत ती वाढवत २००१ ते २००३ मध्ये १,९५,००० वर नेली, २००४ ला पुन्हा ६५,००० वर आणली. पुढे अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी २०,००० जास्तीच्या जागा मिळाल्या. अर्ज याहून जास्त येतात, म्हणून लॉटरी काढतात. विद्यापीठं आणि ना-नफा संशोधन संस्था या मर्यादेत येत नाहीत. मंजूर होणाऱ्या अर्जांत सत्तर टक्क्यांहून जास्त आपले भारतीय असतात. त्यामुळे तिथे कुठेही खुट्ट वाजलं की इंदिरानगरच्या घरात झोप उडते.

सातपूरकर

ताई, वेळेवर धागा काढलात. माझं सातपूर एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, सीएनसीचं जॉबवर्क करतो. मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉम्प्युटर. दोन ठिकाणची मास्टर्सची ॲडमिशन आली आहे. कर्ज पन्नास लाखांच्या घरात जातंय, बँक गाळा तारण मागतेय. मला वाद कोणाचा बरोबर यात रस कमी आहे. मुलीला पाठवायचं की नाही, एवढं सांगा. आणि ती एक लाख डॉलरची फी आम्हाला भरावी लागेल का?

गोदाकाठ

काका, फी आधी सांगते. ती कंपनीने भरायची आहे, उमेदवाराने नाही. पहिल्या दिवशी त्यांच्याच वाणिज्यमंत्र्यांनी ती दरवर्षी लागेल असं सांगितलं, दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसने खुलासा केला की एकदाच, तीही नव्या अर्जाला, नूतनीकरणाला नाही. मग २० ऑक्टोबरला इमिग्रेशन खात्याने स्पष्ट केलं की अमेरिकेत आधीच विद्यार्थी म्हणून असलेल्याने तिथल्या तिथे एच-१बीवर बदल करून घेतला तर फी लागत नाही. म्हणजे तुमची मुलगी तिथे शिकून तिथूनच अर्ज करणार असेल तर या फीने ती अडत नाही. पुण्यातून किंवा नाशिकमधून थेट पाठवल्या जाणाऱ्या माणसाला मात्र दार जवळजवळ बंद. अमेरिकन चेंबर ऑफ कॉमर्स कोर्टात गेलं होतं, पण डिसेंबर २०२५ मध्ये न्यायाधीश बेरिल हॉवेल यांनी फी कायद्यात बसते असाच निकाल दिला.

मुलीसाठी मोठा बदल दुसराच आहे, त्यावर सविस्तर लिहिते. जरा वेळ द्या.

निफाडकर

फी किती यापेक्षा ती ज्या पद्धतीने आली ते मला जास्त लागलं. शुक्रवारी घोषणा, रविवारी पहाटे लागू. मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉनने आपल्या माणसांना ताबडतोब परत या म्हणून ईमेल टाकले. माझा मावसभाऊ बहिणीच्या साखरपुड्याला आला होता, तो जेवणावरून उठून तिकीट शोधायला लागला. खुलासा येईपर्यंत नव्वद हजारांचं तिकीट काढून झालं होतं.

आम्हा निफाड-लासलगावच्या लोकांना हे नवीन नाही. डिसेंबर २०२३ मध्ये अशीच रातोरात कांदा निर्यातबंदी आली, ट्रॅक्टर भरून बाजार समितीच्या वाटेवर होते. धोरण चूक की बरोबर हे पुढचं. पण ज्याचं वर्षाचं गणित त्यावर उभं आहे, त्याला चार महिने आधी सांगायला काय हरकत आहे? सरकार दिल्लीचं असो की वॉशिंग्टनचं, माणसाला एवढी मुदत मिळायलाच हवी.

एडिसनवासी

मी मूळचा पंचवटीचा, न्यू जर्सीत वीस वर्षांहून जास्त काळ आहे, आता इथला नागरिक. माझं मत इथे कोणाला आवडणार नाही, तरी मांडतो.

माझी मुलगी कॉम्प्युटर सायन्स करून गेल्या मे महिन्यात बाहेर पडली. चांगलं कॉलेज, चांगले मार्क. अजून पक्की नोकरी नाही. सुरुवातीच्या पातळीच्या जागाच आटल्या आहेत, काही एआयमुळे, काही कोविडनंतरच्या कपातीमुळे. अशा वेळी कंपनी एका हाताने माणसं काढते आणि दुसऱ्या हाताने एच-१बीचे अर्ज भरते, हे पाहून इथल्या माणसाला राग येणारच. तो राग वर्णद्वेष म्हणून झटकून टाकू नका.

२०१५ सालचं डिस्नेचं प्रकरण आठवा. ऑर्लॅंडोमध्ये अडीचशेच्या आसपास आयटीवाल्यांना काढलं आणि जायच्या आधी त्यांच्याच जागी येणाऱ्या कंत्राटी कंपन्यांच्या माणसांना काम शिकवायला लावलं. त्याच वर्षी सदर्न कॅलिफोर्निया एडिसन या वीज कंपनीतही तेच. इन्फोसिसने २०१३ मध्ये व्हिसाच्या गैरवापराच्या आरोपांवर ३ कोटी ४० लाख डॉलर देऊन तडजोड केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युरीने कॉग्निझंटला भारतीय नसलेल्या कर्मचाऱ्यांशी भेदभाव केल्याबद्दल दोषी धरलं. ही सगळी आपल्याविरुद्धची कारस्थानं म्हणायची का?

मधुरा

एडिसनवासी, तुमच्या मुलीबद्दल वाईट वाटतं, मनापासून. पण तुम्ही स्वतः कोणत्या व्हिसावर गेलात? आपण चढून गेल्यावर शिडी ओढून घ्यायची, असं होतंय हे. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रम्प यांचे एआय सल्लागार म्हणून श्रीराम कृष्णन यांची नेमणूक जाहीर झाल्यावर तिथे भारतीयांबद्दल जे लिहिलं गेलं ते मी वाचलंय. त्यात पगार, लॉटरी, धोरण काही नव्हतं. अन्नावरून, वासावरून, देवांवरून शिव्या होत्या. माझी बहीण टेक्ससमध्ये आहे, तेव्हापासून दुकानात मराठीत फोन घ्यायला बिचकते.

एडिसनवासी

मी एच-१बीवरच आलो. म्हणूनच बोलतोय. माझ्या वेळी मी जे करायचो ते करणारा माणूस कंपनीला खरंच मिळत नव्हता. आज ज्या कामांसाठी अर्ज होतात त्यातली कितीतरी कामं माझी मुलगी पहिल्या दिवसापासून करू शकते. शिव्या देणाऱ्यांचं समर्थन मी करत नाही, त्या मलाही पडतात. नागरिकत्वाचा कागद कपाळावर चिकटवलेला नसतो.

गोदाकाठ

दोघांनाही विनंती, एकमेकांवर नको. एडिसनवासींनी मांडलेली प्रकरणं खरी आहेत आणि ती आपण नीट बघायला हवीत.

एक गोष्ट जवळून पाहिलेली सांगते. एच-१बीचा अर्ज भरण्याआधी कंपनीला कामगार खात्याकडे एक जाहीरनामा द्यावा लागतो, आणि त्याची सूचना कामाच्या जागी दोन ठळक ठिकाणी दहा दिवस लावावी लागते. आमच्याकडे तो कागद पॅन्ट्रीत, फ्रिजच्या शेजारी लागायचा. त्यावर पद, पगार, ठिकाण असं सगळं असतं, नाव नसतं. पण टीममध्ये नवीन अर्ज कोणाचा हे सगळ्यांना माहीत असायचं. माझ्या बाजूला बसणारी टेस्टिंगमधली बाई, पन्नाशीची, एकदा कॉफीचा कप घेऊन तो कागद वाचत उभी होती. मला म्हणाली, हा आकडा माझ्या पगारापेक्षा बराच कमी आहे, पण काम माझंच लिहिलंय. तिच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. त्या अर्जावर रुजू होणारा मुलगा आपला मराठवाड्यातला होता, हुशार आणि कष्टाळू. त्यालाही आपल्याला कमी लावलंय हे ठाऊक होतं, आणि बोलायची सोय नव्हती. सगळं नियमात बसवलेलं होतं.

नियमात कसं बसतं ते सांगते. पगाराच्या चार पातळ्या असतात. त्या त्या भागातल्या त्या कामाचे सगळे पगार चढत्या क्रमाने लावले तर पहिली पातळी साधारण सतराव्या टक्क्यावर येते, दुसरी चौतिसाव्या, तिसरी मध्यावर, चौथी सदुसष्टाव्या. म्हणजे पहिल्या दोन पातळ्या बाजाराच्या मध्याच्या खालीच. इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूटच्या अभ्यासानुसार २०१९ मध्ये मंजूर झालेल्या जागांपैकी ६० टक्के या खालच्या दोन पातळ्यांवर होत्या. आणि ज्या कंपन्या एच-१बीवरच जास्त चालतात, त्यांना माणसामागे वर्षाला ६०,००० डॉलर दिले की बरीच बंधनं माफ होतात. हा आकडा १९९८ साली ठरला, अजून तोच आहे. ९८ मध्ये नाशिकला फ्लॅट केवढ्याला मिळायचा आठवून बघा.

दुसरी बाजूही आहे. इमिग्रेशन खात्याच्याच अहवालात एच-१बीवाल्यांचा मध्यम पगार १,२०,००० डॉलरच्या आसपास आहे. सगळे स्वस्तातले मजूर आहेत हे साफ खोटं. एकाच व्हिसाच्या पोटात दोन वेगळे धंदे चालतात, एक खरंच दुर्मिळ कौशल्याचा आणि एक स्वस्त, मुकाट माणसांचा. वाद घालणारे आपल्या सोयीचा तेवढा उचलतात.

देवळालीकर

एक दुरुस्ती. मालकाला बांधलेला म्हणजे नोकरी बदलताच येत नाही असा समज होईल. २००० सालच्या कायद्यानंतर नव्या कंपनीने अर्ज दाखल केला की लगेच तिकडे रुजू होता येतं. मी दोनदा बदलली आहे.

खरा फास ग्रीन कार्डचा, म्हणजे तिथे कायमचं राहण्याच्या परवानगीचा. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला १,४०,०००, बायकामुलं धरून. त्यात कुठल्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांहून जास्त नाहीत. आइसलँडला जेवढी मर्यादा तेवढीच भारताला. मास्टर्सवाल्या भारतीयांची रांग २०२६ च्या सुरुवातीला २०१३ सालातच रेंगाळत होती. कंपनी बदलली की रांगेतला नंबर राहतो, पण कागदपत्रांचं चक्र पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे पस्तिशी ओलांडलेला, घराचा हप्ता आणि दोन मुलं असलेला माणूस हलत नाही. मुलं २१ वर्षांची झाली की आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडतात. तिथेच वाढलेल्या पोराला स्वतःचा व्हिसा शोधावा लागतो. माझा मोठा सतरा वर्षांचा आहे.

मी सध्या नाशिकरोडला आईकडे अडकलोय. डिसेंबरमध्ये स्टॅम्पिंगसाठी, म्हणजे पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का घ्यायला आलो. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ (त्यांच्या बायकामुलांचा व्हिसा) वाल्यांचीही समाजमाध्यमं तपासायची असं ठरलं आणि मुंबईच्या वाणिज्य दूतावासाने माझी तारीख काही महिने पुढे ढकलली. पूर्वी तिसऱ्या देशात जाऊन शिक्का आणता यायचा, आता आपल्या देशातच अर्ज करा असा आदेश आहे. कंपनीने इथून काम करायला ठरावीक आठवडे दिलेत, पुढे बिनपगारी. मुलांची शाळा तिकडे, बायको एकटी निभावतेय. घरापासून हाकेच्या अंतरावर इंडिया सिक्युरिटी प्रेस आहे, अख्ख्या देशाचे पासपोर्ट तिथे छापतात, आणि माझा पासपोर्ट मात्र शिक्क्याविना कपाटात पडलाय.

गोदाकाठ

देवळालीकर, बरं झालं स्पष्ट केलंत, रांगेचा मुद्दा तुम्ही माझ्यापेक्षा नेमका मांडलात. आईंची तब्येत बरी आहे ना? कंपनीच्या वकिलाकडून तातडीच्या अपॉइंटमेंटची विनंती टाकून बघा, मुलांच्या शाळेचं कारण लेखी द्या.

अंबडकर

वेगळा मुद्दा. आपण सगळे तिकडच्या दाराकडे का बघत बसलोय? भारतात १,७०० हून जास्त ग्लोबल केपेबिलिटी सेंटर (परदेशी कंपन्यांची इथली स्वतःची कामाची केंद्रं) आहेत, १९ लाखांच्या आसपास माणसं त्यात काम करतात. व्हिसा महाग झाला की कंपन्या कामच इकडे आणणार. राज्य सरकारने २०२५ मध्ये त्यासाठी वेगळं धोरणही आणलं. नाशिकला हवा चांगली, मुंबई समृद्धीमुळे जवळ आली, ओझरचं विमानतळ आहे, इंजिनिअरिंग कॉलेजं तर पायलीला पन्नास. ही वेळ आपली आहे.

निफाडकर

अंबडकर, तुमच्या तोंडात साखर पडो. पण अंबडच्या आयटी पार्कची इमारत वर्षानुवर्षं रिकामी पडून होती ती आपण सगळ्यांनी पाहिली. माझ्या बॅचचे निम्मे हिंजवडीला आहेत, शुक्रवारी रात्री पुणे हायवेवर नारायणगाव-संगमनेर करत घरी येतात. नाशिक-पुणे रेल्वेच्या नुसत्या बातम्याच वाचतोय. इथे पहिल्या नोकरीला मिळणारा पगार बघून कोणी थांबत नाही.

गोदाकाठ

अंबडकर, काम इकडे येतंय हे खरं. पण ते येतंय म्हणून व्हिसावरचे निर्बंध आपल्या फायद्याचे, हे मला मान्य नाही. एक तर तिथे आउटसोर्सिंगच्या पैशांवर २५ टक्के कर लावायचं विधेयक सिनेटर बर्नी मोरेनो यांनी मांडलंय. ते पास होईल न होईल, पण रोख कुठे आहे ते दिसतं. दुसरं, बांधून ठेवणं इथेही आहेच. कॅम्पसमधून उचलताना दोन वर्षांचा बाँड, मूळ सर्टिफिकेटं कंपनीच्या कपाटात, सोडायचं तर दोन लाख भरा. हे मी नाशिकच्याच मुलांकडून ऐकलंय. तिथल्या मालकाच्या दोरीवर आपण तावातावाने बोलतो, आणि इथली दोरी आपल्याला शिस्त वाटते. मुलामुलींनी नोकरी निर्धास्त बदलावी अशी सोय जिथे असेल तिथे पगार आपोआप वर जातो. नाशिकला सेंटरं आणायची असतील तर त्याबद्दलही बोला.

एडिसनवासी

या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने आहे. एच-१बीवाल्याला ग्रीन कार्ड लवकर द्या, मोकळा करा, मग तो माझ्या मुलीशी बरोबरीने स्पर्धा करू दे. मला त्याची भीती नाही. मला भीती आहे ती कमी पगारात गप्प बसायला भाग पाडलेल्या माणसाची, कारण त्याच्याशी कोणीच स्पर्धा करू शकत नाही.

मधुरा

हे पहिल्यांदाच असं म्हणालात तर किती बरं झालं असतं. शिडीबद्दल जरा जास्तच बोलले मी.

गोदाकाठ

सातपूरकर काका, आता तुमच्या मुलीचं.

मार्च २०२६ च्या नोंदणीपासून लॉटरी पगाराच्या पातळीप्रमाणे. पहिल्या पातळीच्या नोकरीला एक चिठ्ठी, चौथ्या पातळीला चार. मूळ कल्पना मला पटते, स्वस्तात माणसं आणणाऱ्यांना चाप बसेल. पण याचा फटका नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्यांना बसणार, कारण त्यांची नोकरी बहुतेक वेळा पहिल्या किंवा दुसऱ्या पातळीचीच असते. सरकारच्या स्वतःच्या अंदाजात पहिल्या पातळीला नंबर लागण्याची शक्यता १५ टक्क्यांच्या आसपास येते, दुसरीला ३०, चौथीला ६१. मुलीकडे शिक्षणानंतर एक वर्ष आणि तांत्रिक शाखा म्हणून आणखी दोन वर्षं अशी कामाची परवानगी असेल, म्हणजे साधारण तीन वेळा लॉटरी. पण त्या परवानगीवरही सध्या त्यांची नजर आहे, ती गृहीत धरू नका.

म्हणून मी असं म्हणेन. तीन वर्षं काम करून परत यावं लागलं तर कर्ज फिटेल का, हा हिशेब कागदावर मांडा. फिटत असेल तर पाठवा, शिक्षण वाया जात नाही. व्हिसा लागला तरच फिटणार असेल तर पाठवू नका. आणि गाळा तारण ठेवू नका. तुमच्याकडे काम करणाऱ्या माणसांची घरं त्यावर चालतात. अमेरिकेच्या लॉटरीत या माणसांचा नंबर कशाला लावायचा? कमी फीचं सरकारी विद्यापीठ, असिस्टंटशिप (विद्यापीठातच प्राध्यापकांना मदतीचं काम) मिळण्याची शक्यता, हे आधी बघा.

कोणी कन्सल्टन्सी "व्हिसाची हमी" देत असेल, किंवा अर्जाचा खर्च मुलीकडून मागत असेल, तर तिथून उठून या. माझ्या एका मैत्रिणीला अशाच एका कंपनीने प्रोजेक्ट नाही म्हणून चार महिने बिनपगारी बसवलं होतं. कायद्याने बसवलेल्या काळाचाही पगार द्यावा लागतो. तिने तक्रार केली नाही, कारण तक्रार करायची तर व्हिसा त्याच माणसाच्या हातात.

देवळालीकर

आणि जर्मनीचं बघितलंत का काका? ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनी भारतीय कुशल कामगारांसाठी वर्षाची व्हिसासंख्या २०,००० वरून ९०,००० केली. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण फी नाही किंवा नाममात्र. फक्त भाषा मनावर घेऊन शिकावी लागते, इंग्रजीवर फार काळ निभत नाही.

सातपूरकर

सगळ्यांचे आभार. काल रात्री मुलीला शेजारी बसवून हा पूर्ण धागा वाचला. हिशेब मांडला. एका विद्यापीठाचं कर्ज तीन वर्षांच्या पगारात फिटत नाही, दुसऱ्याचं ओढूनताणून फिटतं. पहिलं सोडलं. दुसऱ्यालाही गाळा तारण नाही, फ्लॅटवर मिळेल तेवढंच कर्ज, बाकी माझी एफडी. ती म्हणाली, पप्पा, असिस्टंटशिपसाठी प्राध्यापकांना मी आजपासूनच लिहिते. जर्मन भाषेचा क्लासही चौकशी करून लावतोय, दोन्ही दारं उघडी राहू देत.

एक विचारायचं राहिलं. ती असिस्टंटशिप मिळाली तर फी पूर्ण माफ होते की काही भागच? आणि पहिल्या सेमिस्टरला मिळते की नंतर? कोणी अलीकडे गेलेलं असेल तर सांगा, बँकेत मंगळवारी जायचंय.

एडिसनवासी

काका, विद्यापीठागणिक वेगळं असतं. काही ठिकाणी पूर्ण माफी आणि वर महिन्याला मानधन, काही ठिकाणी फक्त परराज्याची जास्तीची फी माफ. मास्टर्सला पहिल्या सेमिस्टरला मिळणं अवघड, दुसऱ्यापासून शक्यता बरी. विद्यापीठाचं नाव मला व्यक्तिगत निरोपात कळवा. माझी मुलगी सध्या घरीच आहे, तिच्या ओळखीचे दोघंतिघं असे शिकले आहेत, ती तुमच्या मुलीशी बोलेल. मंगळवारच्या आत फोन लावून देतो.